परक्या पितरांचे ताट

एका राज्यात मेलेली माणसे जेवत असत. याचे कोणाला नवल नव्हते. माणूस मेला म्हणून त्याची भूक मरत नाही, हे तिथे पोराटोरांनाही ठाऊक होते.

रीत अशी. सणाच्या दिवशी घरच्या देवळात उंच बैठक मांडायची. मेलेल्या आजोबाचा रेशमी झगा त्याच्या नातवाच्या अंगात घालायचा आणि त्याला बैठकीवर बसवायचे. झगा अंगात गेला की नातू नातू राहत नसे, आजोबा होई. मग नातवाचा बापही त्याच्या पाया पडे, कारण समोर आता मुलगा नव्हे, बाप बसलेला असे. नातू जेवे आणि अन्न आजोबाच्या पोटात जाई. तृप्त झालेला आजोबा वाढणाऱ्याच्या कानात दोन शब्द बोले. पेरणी कधी करावी, मुलगी कुठे द्यावी, लढाई करावी की टाळावी. वाढणारा ते शब्द सगळ्यांना मोठ्याने सांगे. झगा काढला की नातू पुन्हा नातू. काय बोललो ते त्याला आठवत नसे. पोटही रिकामेच असे. त्याला वेगळे वाढावे लागे.

नियम एकच होता. बैठकीवर बसणारा त्याच रक्ताचा हवा.

या राज्यावर पिढ्यान्‌पिढ्या मोंग घराणे होते. मोंगांचे पितर जबरदस्त. पाऊस त्यांच्या शब्दावर पडे. पण शेवटचा मोंग राजा वाया गेला. खरे बोलला म्हणून त्याने प्रधानाची जीभ कापली. दारूच्या धुंदीत पितरांचे ताटही स्वतःच ओरपले. तेव्हा आभाळाने आपला हुकूम फिरवला. आभाळाचा हुकूम ज्याच्याकडे, राज्य त्याचे. तो कोणाच्या घरी कायमचा राहायला येत नाही.

पश्चिमेच्या डोंगरातून हाओ घराण्याचा सरदार देशून फौज घेऊन उतरला. मोंग राजाने आपल्याच मनोऱ्याला आग लावली आणि आत बसून राहिला. देशून राजा झाला.

जिंकणाऱ्याने जे करायचे ते सगळे त्याने केले. मोंगांचा मातीचा एक ओटा होता. उघड्यावरचा. ऊन, पाऊस, दव थेट अंगावर घेणारा. त्यावर देशूनने छप्पर घातले, म्हणजे मोंगांचा आभाळाशी संबंध तुटला हे सगळ्यांना दिसावे. मोंग रक्ताचा पुरुष दिसेल तिथे मारावा, असा हुकूम काढला. त्यांचा कांशाचा तिपायी हंडा आपल्या महालात आणला. हंड्याच्या आत मोंग राजांची नावे ओळीने कोरलेली होती. त्यांच्याखाली देशूनने आपले नाव कोरून घेतले.

देशून शूर होता. पण त्याला एक खोड होती. त्याला प्रश्न पडत.

दरबारात चूयान नावाचा वृद्ध जादूगार होता. कासवाच्या कवचाला तो तापलेली सळई लावी. कवच तडकले की त्या भेगेत पितरांचे उत्तर उमटे. एक दिवस राजाने त्याला विचारले, "मोंगांचे पितर हल्ली काय खातात?"

"काही नाही, महाराज. बैठकीवर बसायला कोणी उरले नाही."

"मग ते करतात काय?"

"उभे राहतात."

"कुठे?"

"ते मी कसे सांगू? पण उपाशी माणूस बहुधा स्वयंपाकघराजवळ उभा राहतो."

राजाने खिडकीतून स्वयंपाकघराच्या धुराकडे पाहिले. मग म्हणाला, "त्यांना आपणच जेवू घालू. आमचे पितर आमच्या बाजूचे आहेतच. त्यांचेही आमच्या बाजूला आले, तर या राज्याला भीती कसली?"

"असे आजवर कोणी केलेले नाही."

"म्हणूनच विचार. कवच आण."

चूयानने सळई तापवली. कवच तडकले. भेग सरळ निघाली, पुढे जाऊन वळली आणि आपल्याच मुळाशी परत आली.

"महाराज, ही भेग उलटून घरी आली आहे."

"भेग वाचायचा अधिकार कोणाचा?"

"महाराजांचा."

"मग मी वाचतो. शुभ आहे."

चूयानने सळई पाण्यात बुडवली. ती चरचरली. 

मोंगांचा नातू नव्हता. म्हणून राजाने आपला एकुलता एक मुलगा बोयान याला बैठकीवर बसवले. कुमाराला नुकते नववे वर्ष लागले होते. मोंगांच्या मूळपुरुषाचा काळा झगा त्याच्या अंगात घातला. बाह्या जमिनीवर लोळत होत्या. मोंगांच्या हंड्यात राळे शिजवले, डुकराचे मांस शिजवले. राजाने स्वतः वाढले. मूठभर पोराने हंडा रिकामा केला. राजा हात जोडून म्हणाला, "आजोबा, पोट भरले?"

कुमाराने राजाच्या कानाला तोंड लावले. आवाज जुन्या दारासारखा करकरला. "उद्या पुन्हा, नातवा."

राजा खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झगा पेटीत नव्हता. तो कुमाराच्या अंगावर होता. काढला, पेटीला कुलूप लावले. पुढच्या सकाळी पुन्हा अंगावर. जाळला. राख नदीत सोडली. सकाळी अंगावर. कुमार ताटामागून ताट जेवू लागला आणि वाळू लागला. गाल बसले. मनगट बोरूएवढे झाले. त्याच्या ताटातली वाफ वर जात नसे. ती आडवी होई आणि खिडकीतून बाहेर पडून छपराखालच्या ओट्याकडे जाई.

"बाबा," कुमार म्हणाला, "मला भूक लागत नाही. दुसऱ्यांची लागते. खूपजण आहेत. ओळीने उभे आहेत."

राणी मेइशान मुलाच्या उशाशी बसली होती. ती राजाकडे न बघता बोलली. "लोकांच्या आजोबांना जेवू घालायची हौस आपल्याला. आणि पोर बसवलेत माझे."

"शुभ निघाले होते."

"कवचाने सांगितले शुभ? की आपण?"

 राजा उठून बाहेर गेला.

ओट्यावरच्या छपराला एका पाकोळीने घरटे केले होते. पाकोळी काळी कुळकुळीत होती. राजा तिथे येऊन उभा राहिला तशी ती म्हणाली, "आलास? मला वाटले, आणखी महिनाभर तरी तू सळया तापवत बसशील."

"तू कोण?"

"मोंगांच्या पहिल्या आईने माझे अंडे गिळले आणि तिला दिवस गेले. तेव्हा मी त्यांची कोण, ते तूच ठरव."

"माझ्या मुलाला काय झाले आहे?"

"झाले काय? तो त्यांचा नातू झाला. तू त्यांच्या बैठकीवर आपले पोर बसवलेस. हात जोडून आजोबा म्हणालास. त्यांनी ते खरे धरले. मेलेले थट्टा करत नाहीत, देशून, आणि त्यांना थट्टा कळतही नाही. आता तुझे घर हेच त्यांचे घर. ते मिळेल ते खाणार. आधी अन्न, मग पोर."

"उपाय?"

"खरा नातू बैठकीवर बसला, तर खोटा सुटेल."

राजाची मान खाली गेली. "खरा कोणी उरला नाही. मी स्वतः हुकूम दिला होता."

"तुझा हुकूम तुझ्या शिपायांनी नीट पाळला नाही. त्यांचे उपकार मान. पूर्वेला समुद्र जमिनीत शिरतो तिथे खाजण आहे. तिथे कुआन नावाचा माणूस मीठ करतो. शेवटच्या राजाचा पुतण्या."

"रथ पाठवून आणवतो."

"बांधून आणलेस तर तो कैदी म्हणून जेवेल. कैद्याचा घास पितरांना पोचत नाही. तू जा. पायी जा. आणि ती राजेपणाची मण्यांची टोपी इथे ठेव, वाऱ्याने उगीच वाजते."

राजाने टोपी राणीजवळ दिली आणि निघाला. पाकोळी पुढे उडत होती.

वाटेत एक नदी लागली. त्या दिवशी पितरांचा सण होता, म्हणून नदी उगमाकडे वाहत होती. राजाने ती उतरून पार केली. पुढे एक डोंगर आडवा आला. डोंगराने विचारले, "कुठे?"

"क्षमा मागायला."

"राजे इथून लढायला जातात. क्षमा मागायला निघालेला पहिलाच." एवढे बोलून डोंगर बाजूला सरकला. जाताना राजाने मागे वळून पाहिले. डोंगर कसा सरकतो, पाय असतात की काय, हे त्याला बघायचे होते. पण डोंगर जागेवर बसला होता.

खाजणात धूर होता. चिखलात चुली पेटल्या होत्या. त्यांवर मातीच्या मोठ्या कढया, आणि कढयांत खारे पाणी आटत होते. एक उंच माणूस लाकडी फावड्याने ते ढवळत होता. गुडघ्यापर्यंत मीठ चढले होते त्याला. भुवयाही पांढऱ्या दिसत होत्या, पण त्या मिठाने. वय तिशीपुढचे नसावे.

"मीठ हवे तर त्या बाजूला थांबा," तो म्हणाला.

"मीठ नको."

"मग धुरात डोळे का फोडून घेता?"

"मी देशून."

फावडे थांबले नाही. कढईत एक फेरा पुरा झाला. मग तो माणूस म्हणाला, "माझ्या थोरल्या भावाने तुम्हाला जवळून पाहिले होते. तो परत आला नाही, म्हणून तुम्ही दिसता कसे ते मला कळायचे राहिले. आता कळले."

"तू कुआन."

"इथे मला सगळे अहोजाहो करतात. चिखलात असलो तरी."

राजा थांबला. मग म्हणाला, "तुम्ही कुआन. माझा मुलगा मरतो आहे." आणि त्याने सगळे सांगितले. काही वगळले नाही. भेगेचेही सांगितले.

कुआनने ऐकून घेतले. "पोराला कितवे?"

"नववे."

"माझ्या धाकट्या भावाला दहावे होते."

चुलीत लाकूड फुटले. राजा उभाच राहिला. पाकोळी कढईच्या काठावर बसली आणि म्हणाली, "कुआन, याच्या पोराचे सोड. तुझे आजोबा उपाशी आहेत, त्यांचे बघ."

"आजी, तू मध्ये पडू नकोस. पाखरांना आणि मेलेल्यांना खाण्याशिवाय सुचते काय?"

"तू का वाढले नाहीस त्यांना आजवर?"

"कशात वाढू? हंडा यांच्या महालात. कुठे वाढू? ओट्यावर यांचे छप्पर. आणि नातू जिवंत आहे हे पितरांना कळले असते त्याच दिवशी यांच्या शिपायांनाही कळले असते." तो राजाकडे वळला. "तुमचा मुलगा वाचावा असे मला वाटत नाही. खोटे कशाला सांगू? मरावा असेही वाटत नाही. पण आमचे लोक लहान मुलाला खाताहेत. ही आमच्या घराण्याची लाज आहे. म्हणून येतो. पण तीन कामे आहेत. ती तुम्ही करायची. माणसे लावायची नाहीत."

"सांगा."

"ओट्यावरचे छप्पर तुम्ही घातले, तुम्हीच उतरवायचे. हंडा आमचा, तो ओट्यापाशी आणायचा. आणि तिसरे. मी बैठकीवर बसेन, तेव्हा तुम्ही वाढपी. यजमान नव्हे, नातू तर नव्हेच. आजोबा म्हणायचे नाही. कानात जे पडेल ते दरबारापुढे मोठ्याने बोलायचे. जसे असेल तसे."

"ते काय बोलतील?"

"मला काय ठाऊक? मी तेव्हा मी नसेन."

पाकोळी हसली. पाकोळ्या हसतात, पण फार थोड्यांनी ऐकले आहे.

दोघे राजधानीत आले. कुआन वाटेत राजाच्या मागे चालला नाही, पुढेही चालला नाही. मध्ये एका माणसाचे अंतर ठेवून बाजूने चालला.

पहिले काम राजाने आल्याआल्या केले. शिडी लावली आणि छपराची कौले एकेक उतरवली. खाली सरदार उभे होते. ते चुळबुळत होते. एक म्हणाला, "महाराज, छप्पर निघाले तर आभाळ पुन्हा मोंगांना ओळखेल."

"आभाळाला छपराने फसवता येते असे वाटते तुला?" राजा वरून म्हणाला. "मलाही वाटत होते. बाजूला हो, कौल पडेल."

पाकोळीचे घरटे त्याने तेवढे एका वाशासह अलगद उतरवले आणि भिंतीच्या कडेला टेकवले. ओट्यावर ऊन पडले. इतके दिवस अंधारात राहिलेली माती पिवळी पडली होती. ती बघता बघता काळी झाली.

दुसरे काम हंड्याचे. राजाने त्याच्या कानांना हात घातला. हंडा हलला नाही. दोर बांधून ओढला, दोर तुटला. खांदा लावला, खांदा सोलला. हंडा जमिनीतून उगवल्यासारखा बसला होता. एरवी याला दोन आचारी उचलत. राजा दमून हंड्याच्या काठावर ओणवा झाला आणि आत पाहू लागला. हा जड कशाने झाला, हेच त्याला कळेना. आत नावे होती. मोंगांची नावे हिरवी पडली होती. तळाशी त्याचे स्वतःचे नाव नवे, पिवळे, चकचकीत होते.

तो हंड्यात उतरला. वाळूचा दगड घेऊन घासू लागला. कांसे कठीण असते. बोटे फुटली. नाव खोल कोरून घेतले होते, कारण ते टिकावे असा त्याचाच हुकूम होता. घासता घासता तो स्वतःशी म्हणाला, "कारागीर चांगला होता." शेवटची रेघ गेली तसा हंडा त्याच्यासकट डुगडुगला. राजा बाहेर आला. त्याने एकट्याने हंडा छातीशी धरला आणि ओट्यापाशी नेऊन ठेवला.

तिसऱ्या कामाला सगळा दरबार ओट्याभोवती जमला. भर दुपार होती. राणी कुमाराला मांडीवर घेऊन बसली होती. त्याचे वजन आता मांजराएवढे होते. काळा झगा त्याच्या अंगाला ओल्या कापडासारखा चिकटला होता. कुआन ओट्यावर मांडलेल्या बैठकीवर चढला आणि पितरांची नावे त्याने मोठ्याने घेतली. शेवटी म्हणाला, "मी कुआन. तुमचा. उशीर झाला."

झग्याचे बंद आपोआप सुटले. झगा कुमाराच्या अंगावरून घसरला, जमिनीवरून सरपटत गेला आणि कुआनच्या अंगात चढला. त्याला तो बरोबर बसला.

राजाने वाढले. राळे वाढले, मांस वाढले, राळ्याची दारू ओतली. कुआनचा चेहरा बदलत होता. आधी म्हातारा झाला, मग एका डोळ्याने आंधळा, मग रुंद जबड्याचा, मग कोवळा, मग पुन्हा म्हातारा. ओळीने सगळे येऊन जेवत होते. वाफ सरळ वर जात होती. शेवटी जो चेहरा आला तो फार जुना होता. मूळपुरुष होता तो. त्याने ओठ पुसले आणि राजाला बोटाने जवळ बोलावले.

राजाने कान पुढे केला.

"जेवलो," तो करकरता आवाज म्हणाला. "आता माझ्या नातवाला राज्य परत दे."

राजा सरळ झाला. दरबार त्याच्याकडे बघत होता. ते शब्द त्याच्याशिवाय कोणी ऐकले नव्हते. कुआनला आठवणार नव्हते. राजा म्हणाला असता, 'पितर तृप्त झाले, शुभ आहे,' तर कोणाला कळणार होते? सरदारांनी जल्लोष केला असता. समोर राणी होती. तिच्या मांडीवर झग्याविना पडलेले पोर श्वास घेत होते, आणि तो श्वास राहील की जाईल ते अजून दिसत नव्हते.

एकदा त्याने भेग आपल्याला हवी तशी वाचली होती.

"पितर म्हणतात," राजा मोठ्याने बोलला, "राज्य परत दे."

गलका झाला. तलवारींच्या मुठी हातात गेल्या. चूयान जादूगार तेवढा हलला नाही. राजाने राणीजवळची टोपी मागितली. राणीने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि दिली. राजाने ती बैठकीच्या पायरीवर ठेवली, मग पुढे होऊन कुआनच्या अंगातला झगा उतरवला.

कुआनने डोळे चोळले. "भूक लागली आहे. मला कोणी वाढले की नाही?" मग सगळ्यांची तोंडे बघून म्हणाला, "काय झाले? काय बोलले आजोबा?"

"राज्य परत मागितले," राजा म्हणाला. "ही टोपी."

कुआनने टोपी पाहिली. मण्यांच्या सरी बोटाने हलवून पाहिल्या. आणि तो हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "मेले तरी हाव गेली नाही म्हाताऱ्यांची!"

"तुम्हाला नको?"

"माझ्या चुलत्याने ही घातलेली मी पाहिली आहे. त्याआधी चांगला माणूस होता. मला बांबूची पिपाणी करून द्यायचा. टोपी चढली, आणि पुढे मला त्याची भीती वाटू लागली." त्याने टोपी उचलून राजाच्या हातात दिली. "घाला. आभाळाने तुम्हाला दिली. ती मी पोटभर जेवणाच्या मोबदल्यात परत घेऊ? आम्ही काय भिकारी आहोत?"

हंडा गुरगुरला. आत नावांना कंप सुटला. कुआन हंड्याकडे वळला आणि घरच्या म्हाताऱ्यांना दरडावावे तसा बोलला, "आजोबा, पुरे. तुमच्या रक्ताचा बोलणारा आता मी एकटा आहे. सणाला जेवण मिळेल. राज्य मिळणार नाही. ते आपणच घालवले. भांडायचे असेल तर आभाळाशी भांडा. या पोराशी नाही."

हंडा जरा वेळ कुरकुरला. पाकोळी ओरडली, "जेवलात ना? मग उठा!"

हंडा शांत झाला.

त्या दिवशी कोणी झगा पेटीत घातला नाही. तो ओट्यावर घडी करून ठेवला. सगळ्यांना एकच बघायचे होते. सकाळ झाली. झगा ओट्यावरच होता, दवाने भिजलेला. आणि महालात कुमार बोयान उठून बसला होता. आचारी उशिरा आला म्हणून तो त्याच्यावर ओरडत होता. राणीने स्वतः वाटीभर पेज आणली. त्याने ती संपवली. आणखी आणली. दुसरी वाटी त्याने अर्धी टाकली आणि म्हणाला, "पोट भरले."

राणी उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. राजा तिच्याजवळ गेला. "पोर तुमचे," तो म्हणाला. "मी विचारायला हवे होते."

"पुढच्या वेळी कवचाआधी मला विचारा," ती म्हणाली.

राजाने राज्याची नवी घडी बसवली. ओट्याभोवतीची जमीन आणि पूर्वेचे खाजण कुआनला वंशपरंपरेने दिले. कुआनने दरबारात यावे, पण पाहुणा म्हणून यावे. त्याने गुडघे टेकू नयेत, आणि राजाने त्याला उभे राहून सामोरे जावे. त्याने आपल्या पितरांना आपल्या रीतीने जेवू घालावे. आणि हुकूम काढला की कोणीही कोणाचे राज्य घ्यावे, पण हरलेल्या घरातला एक तरी माणूस जिवंत ठेवावा, आणि त्याला हंडा द्यावा, ओटा द्यावा, डोक्यावर उघडे आभाळ द्यावे. सरदारांना हा हुकूम आवडला नाही. पण त्या वर्षी पाऊस वेळेवर आला आणि राळे पुरुषभर वाढले, तेव्हा ते गप्प झाले. कुमारही वाढला. कुआनने लग्न केले. त्याला मुलगे झाले आणि बैठक पुन्हा रिकामी राहिली नाही.

राजाची खोड मात्र गेली नाही. एका सणाला तो ओट्यापाशी आला होता. कुआन आणि तो, दोघे उन्हात बसले होते. राजा हंड्यात डोकावला. मूळपुरुषाच्या नावाच्या वर कांसे गुळगुळीत होते. जास्तच गुळगुळीत, कोणी घासल्यासारखे. राजाने त्यावरून बोट फिरवले आणि आपली बोटे पाहिली.

"मोंगांच्या आधी इथे कोण होते?" त्याने विचारले.

"कोणी नाही," कुआन म्हणाला. मग म्हणाला, "असे आम्हाला सांगत."

"हंडा तुमच्याच घराण्याने ओतला?"

कुआन हंड्याकडे बघत राहिला. "ठाऊक नाही," तो म्हणाला.

राजाने चूयानला बोलावले. चूयान म्हणाला, "महाराज, माझी कवचे इतकी जुनी नाहीत."

मग राजाने भिंतीकडे पाहिले. तिथे वाशाखालच्या घरट्यात पाकोळी पिलांना भरवत होती. "तू सांग. तू तर पहिल्यापासून आहेस."

"मी मोंगांच्या पहिल्यापासून आहे," पाकोळी म्हणाली. "त्याआधीचे मला विचारू नकोस. त्यांचा पक्षी वेगळा होता."

राजा उठला आणि ओट्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. वर आभाळ उघडे होते आणि त्यात पुष्कळ पक्षी होते. त्याने तोंडाभोवती हात धरले आणि एकेकाला हाक मारायला सुरुवात केली.